चार वाजताचा चहा

गेल्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत एक मोठी बैठक भरली होती. बाहेरगावचे अधिकारी यावयाचे होते. अशा बैठकीची कार्यक्रमपत्रिका तयार करणे हे माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या कपाळी नेहमीचेच असते. स्वागत, प्रास्ताविक, चर्चा, आभार अशा ओळी एकाखाली एक उतरत गेल्या आणि शेवटी मी सवयीने लिहिले : ‘४ वाजता – हाय टी.’ पत्रिका छापून आल्या. त्यांचा गठ्ठा गाडीत ठेवताना आमच्या चालकाने एक पत्रिका उचलून वाचली आणि आपल्या छत्तीसगढी बोलीत मला विचारले, “साहब, ये हाई टी म का मिलथे?”

मी म्हटले, “चहा मिळतो. जोडीला खायला काही तरी असते.”

“मग नुसते चहा असे का नाही लिहिले?”

श्रोतेहो, या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी एम. ए. झालेला मनुष्य आहे. शासनाच्या परिपत्रकांतील अत्यंत अवघड वाक्यांचा अर्थ लावण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. पण चहामागे लावलेल्या त्या ‘हाय’ या विशेषणाचा अर्थ मी कधी पाहिला नव्हता. चहा उंची असला, कपबशा उंची असल्या, येणारे पाहुणे उंची असले, की तो ‘हाय टी’, अशी माझी भाबडी समजूत होती. ती समजूत किती चुकीची होती, हे मला पुढे कळले. आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट कळली, ती मला आईकडून. त्या दोन्ही गोष्टी आज आपल्याला सांगावयाच्या आहेत.

प्रथम त्या शब्दाविषयी. इंग्लंडात दुपारच्या चहाची प्रथा सुरू केली ती बेडफर्डच्या डचेसने, असे सांगतात. तिचे नाव ॲना मारिया. काळ १८४० च्या सुमाराचा. त्या काळी श्रीमंतांच्या घरी रात्रीचे जेवण आठ वाजेपर्यंत लांबू लागले होते. दुपारचे खाणे हलके; मधला वेळ मोठा. चार वाजले की बाईसाहेबांना गळून गेल्यासारखे होई. मग त्या आपल्या खोलीत चहा, पाव आणि लोणी मागवू लागल्या. पुढे मैत्रिणींना बोलावू लागल्या, आणि पाहता पाहता त्या भुकेचा एक समारंभ झाला. चांदीची किटली, पातळ चिनी मातीचे पेले, काकडीचे बोटभर सँडविच, स्कोन नावाचे खुसखुशीत गोल पाव, त्यांवर घट्ट साय आणि मुरंबा, आणि शेवटी केक. हे सारे एका तिमजली तबकात रचलेले असते आणि खालच्या मजल्यापासून खात खात वर चढावयाचे असते. हा चहा दिवाणखान्यात, आरामखुर्चीत बसून, पुढ्यातल्या ठेंगण्या मेजावर घ्यावयाचा. याचे नाव ‘आफ्टरनून टी’, म्हणजे दुपारचा चहा.

आणि ‘हाय टी’? तो या बाईसाहेबांचा नव्हेच! तो गिरणीतून, खाणीतून आणि भट्टीवरून सायंकाळी पाच-सहाला घरी परतणाऱ्या कामगारांचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाचे काकडीच्या चकतीने काय होणार? त्याला पाव, मांस, बटाटे, चीज असे पोटभर खाणे हवे आणि बरोबर कडक चहा हवा. हे खाणे जेवणाच्या उंच टेबलावर मांडले जाई, म्हणून तो ‘हाय टी’, अशी त्या शब्दाची उपपत्ती देतात. मँचेस्टरची सूतगिरणी आणि शेफील्डची पोलादाची भट्टी ही त्याची खरी कुळी. पुढे मोठमोठ्या हॉटेलांनी ‘हाय’ या शब्दाला भुलून डचेसच्या चहाला कामगाराच्या चहाचे नाव दिले, आणि आम्ही सरकारी लोकांनी ते पत्रिकेत छापले. म्हणजे चालकाचा प्रश्न रास्त होता. ते नाव त्याच्या बाजूचे होते आणि आम्ही ते आमच्या बाजूला ओढून घेतले होते.

या गोष्टीची मला विशेष गंमत वाटली, कारण मी पोलादाच्याच गावचा आहे. भिलाईत पावर हाउस नावाचा भाग आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. रुळांच्या एका अंगाला पोलाद कारखान्याची आखीव-रेखीव वसाहत, तिचे क्रमांकाने ओळखले जाणारे सेक्टर. दुसऱ्या अंगाला पावर हाउसची गजबजलेली बाजारपेठ. सर्क्युलर मार्केट, जवाहर मार्केट, नंदिनी रोड ही नावे भिलाईकराला आपल्या अंगणासारखी परिचित असतात. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाकरीच्या शोधात देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे येथे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी आलेली मराठी कुटुंबेही त्यांत पुष्कळ होती. दुर्ग काय आणि भंडारा काय, १९५६ पर्यंत दोन्ही एकाच प्रांतात होते आणि त्यांची राजधानी नागपूर होती. तेव्हा या मंडळींना भिलाई परकी वाटण्याचे कारणही नव्हते. माझे वडील असेच भंडाऱ्याकडून आले आणि कोक ओव्हन विभागात लागले.

पोलादाच्या भट्टीला रविवार नसतो आणि रात्रही नसते. म्हणून कारखाना तीन पाळ्यांत चालतो. पहिली पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन, दुसरी दोन ते रात्री दहा, तिसरी दहा ते सकाळी सहा. या पाळ्यांचे पहिले गणित कारखान्यात होत असेल. पण दुसरे होते ते स्वयंपाकघरात. वडिलांची पहिली पाळी असली की पहाटे पाचला चहा. दुसरी असली की दुपारी एकला जेवण आणि निघताना चहा. तिसरी असली की रात्री नऊला चहा आणि सकाळी ते परत आले की पुन्हा चहा. आम्हा मुलांच्या शाळेची वेळ निराळी, आजीच्या औषधाची निराळी. या सर्व वेळा सांभाळून आईने सुमारे पस्तीस वर्षे स्टोव्हवर आणि नंतर गॅसवर चहाचे आधण ठेवले. त्या चहाचा वास अजून माझ्या नाकात आहे. आले ठेचलेले, साखर सढळ, दूध बेताचे, आणि रंग गेरूसारखा.

हिंदुस्थानात चहा असा घरोघर आपोआप शिरला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे या देशात चहाचा पद्धतशीर प्रचार झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कारखाने, खाणी आणि गिरण्यांतून चहाची दुकाने उघडण्यात आली. कामगाराला मधल्या सुट्टीत चहा द्या, त्याचा थकवा जाईल आणि काम वाढेल, असे मालकांच्या मनावर बिंबविण्यात आले. म्हणजे डचेसला चहा हवा होता तो रिकामा वेळ भरून काढण्यासाठी. आणि आमच्या कामगाराला तो देण्यात आला, तो वेळ रिकामा राहू नये म्हणून! पेय एकच, पण दोन्हींच्या प्रकृतीत केवढे अंतर!

या दोन चहांत तिसराही एक असतो, तो म्हणजे चहा करणाऱ्या बाईचा. त्याच्याविषयी मात्र मी कधी विचार केला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी वडील गेले. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी आम्ही आईसह मुंबईस गेलो. लग्न आटोपल्यावर एक दुपार मोकळी होती. ‘हाय टी’चे ते प्रकरण माझ्या डोक्यात घोळत होतेच. पत्नी म्हणाली, “एवढे पुस्तकातून वाचता, तर एकदा खरा चहा पिऊन तरी पाहा. आणि आईंनाही घेऊन चला.” तेव्हा आम्ही ताजमहाल हॉटेलातील सी लाउंजमध्ये चार वाजताचे टेबल राखून ठेवले.

अपोलो बंदरावरची ही वास्तू १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडली. समोरचे ‘गेटवे ऑफ इंडिया’ १९२४ सालचे. म्हणजे दरवाज्याहून घर एकवीस वर्षांनी वडील आहे. जमशेटजी टाटांना एका गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी हे हॉटेल बांधले, अशी कथा फार लोकप्रिय आहे. अभ्यासक तिच्या खरेपणाविषयी शंका घेतात. पण मला त्या वास्तूच्या पायऱ्या चढताना दुसरीच कथा आठवत होती, आणि ती खरी आहे. ज्या सुमारास हे हॉटेल उघडले, त्याच सुमारास जमशेटजींचे पुत्र दोराबजी पोलादाच्या कारखान्यासाठी मध्यप्रांतात लोखंड शोधीत हिंडत होते. चांदा जिल्ह्यात त्यांची निराशा झाली. तसे सांगावयास ते नागपूरच्या सचिवालयात गेले असता वाट पाहण्याची वेळ आली, म्हणून समोरच्या संग्रहालयात सहज शिरले. तेथे भिंतीवर एक भूशास्त्रीय नकाशा होता. त्यात दुर्गचा भाग लोखंडाच्या खुणेने रंगविलेला होता. त्या नकाशाचा माग काढीत ही मंडळी दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोचली. खनिज उत्तम होते. पण जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. पुढे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधले आणि टाटांचा कारखाना साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास उभा राहिला. त्याच दल्ली-राजहराचे लोखंड अर्ध्या शतकानंतर भिलाईच्या भट्टीत वितळू लागले, आणि माझ्या वडिलांच्या हाती पगाराच्या रूपाने आले. त्या टेकड्या आज बालोद जिल्ह्यात आहेत. तेव्हा आईला घेऊन त्या दारातून आत जाताना आपण अगदीच परक्या घरी चाललो आहोत, असे मला वाटले नाही.

आईला मात्र तसे वाटत असावे. तिने ठेवणीतले पातळ नेसले होते. दारावर पिशवीची तपासणी झाली, तेव्हा ती थोडी संकोचली. पहिल्या मजल्यावरच्या त्या दालनात आम्ही शिरलो आणि खिडकीतून एकदम समुद्र दिसला. बंदरात नावा डुलत होत्या. गेटवेपुढे माणसांची दाटी होती. पण तिचा आवाज वर येत नव्हता. आत कोणी तरी हलक्या हाताने पियानो वाजवीत होते. मुंबईतील कित्येक घरांच्या सोयरिकी या दालनात जुळल्या आहेत, अशी त्याची ख्याती आहे. आमच्या शेजारच्या टेबलावरही दोन कुटुंबे समोरासमोर अवघडून बसली होती आणि त्यांतील तरुण मुलगा पेल्यातली साखर गरजेपेक्षा फार वेळ ढवळीत होता. सोयरिकीचे काम असो की सरकारी बैठकीचे, चहाचा पेला हाताला काम देतो, हा त्याचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे.

पदार्थ पुष्कळ होते. सँडविच, स्कोन आणि केक तर होतेच. पण भेळ, शेवपुरी आणि बटाटावडाही होता. डचेसच्या टेबलावर चौपाटीने आपली जागा केव्हाच करून घेतली आहे, हे पाहून मला बरे वाटले. मग चहा आला. किटलीत पाने भिजत घातलेली. दूध वेगळे, साखर वेगळी. चार-पाच मिनिटे वाट पाहावयाची आणि मग पेल्यात ओतावयाचा. दार्जिलिंगचा चहा तो. त्याचा रंग मधासारखा आणि वास फुलासारखा. आईने किटलीचे झाकण उचलून आत पाहिले आणि हळूच मला म्हणाली, “काहून रे, हा तर शिजलाच नाही!”

मी तिला समजावून सांगितले, की या चहाला उकळी देत नाहीत. दिली तर त्याचा सुगंध उडून जातो. तिला ते फारसे पटले नाही. पण चार मिनिटे होताच तिने किटली उचलली. माझ्या पेल्यात ओतले, सुनेच्या पेल्यात ओतले, आणि नातवाच्या पेल्यात थोडा चहा आणि अधिक दूध ओतू लागली. इतक्यात वाढप्याचे काम करणारे गृहस्थ लगबगीने पुढे आले. पन्नाशीचे असतील. आम्ही मराठी बोलतो हे त्यांनी ऐकले होते. ते म्हणाले, “आई, तुम्ही बसा. मी देतो.”

आईने किटली खाली ठेवली. त्यानंतरचे दृश्य मी विसरणार नाही. आपल्या रिकाम्या हातांचे काय करावे, हे तिला कळेना. तिने ते टेबलावर ठेवले, मग मांडीवर ठेवले, मग पदराचे टोक बोटांभोवती गुंडाळले. त्या गृहस्थांनी तिच्या पेल्यात चहा ओतला, दूध किती असे विचारले आणि पेला तिच्यापुढे सरकविला. तिने तो उचलला नाही. तिने मान वर करून त्यांना विचारले, “तुमचा चहा झाला का?”

हा प्रश्न आपल्या मराठी घरांत दिवसातून दहा वेळा विचारला जातो. त्याला काही अर्थ आहे असे आपल्याला वाटतही नाही. पण त्या दालनात तो प्रश्न कोणी विचारीत नसावे. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “होईल, आई. पाळी सुटली की.”

‘पाळी’ हा शब्द ऐकताच आईचा चेहरा पालटला. इतका वेळ ती परक्या घरी होती. आता ती आपल्या घरी आली. “किती वाजता सुटते पाळी?” “घर कुठे?” “जायला किती वेळ लागतो?” “मग चहा घरी जाऊन घेता की इथेच?” ते म्हणाले, “घरी. बायको आधण टाकून वाटच पाहत असते.” आईने मान हलविली. ती मान हलविणे दोन अनुभवी माणसांचे होते. एकाला पाळीवरून परतणे ठाऊक होते आणि दुसरीला वाट पाहणे. मला वाटते, त्या दुपारी त्या टेबलावर चहाची खरी मर्यादा जर कोणी सांभाळली असेल, तर ती या दोघांनी.

२००८ सालच्या नोव्हेंबरात या वास्तूवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा पाहुण्यांना वाचविताना येथील कित्येक कर्मचाऱ्यांनी आपले प्राण गमावले. हे दालनही त्या वेळी नासले आणि दोन वर्षांनी पुन्हा उघडले. पाहुणचार हा शब्द आपण केवळ पदार्थांच्या संख्येवरून मोजतो. तो किती दूरवर जाऊ शकतो, हे त्या लोकांनी दाखविले. आईला हा इतिहास ठाऊक नव्हता. पण जो आपल्याला वाढतो, त्याच्या पोटाची विचारपूस करावी, एवढे तिला ठाऊक होते.

आम्ही बाहेर आलो. बिलाची रक्कम मी आईला सांगितली नाही आणि तिने ती विचारली नाही. समुद्राच्या कठड्याशी थोडा वेळ बसलो. मी विचारले, “आई, कसा वाटला चहा?” मला वाटले, ती म्हणेल, पाणचट होता. ती म्हणाली, “चांगला होता. संपेपर्यंत गरम होता.”

माझ्या लक्षात यावयास थोडा वेळ लागला. तिने आयुष्यभर सर्वांना वाफाळलेला चहा दिला. सर्वांचे झाले, की ती आपला पेला घेई. इतक्यात कोणी हाक मारी, कोणाला डबा हवा असे, कोणाचे बटण तुटलेले असे. ती उठे, परत येई, चहावर साय धरलेली असे. तो गार चहा ती उभ्या उभ्याच घेऊन टाकी. हे मी रोज पाहत होतो आणि मला ते दिसले नव्हते. वडिलांना दिसले असेल काय, कोण जाणे. ते पाळीवरून दमून येत. त्यांना मी दोष देत नाही. मी मात्र दमून आलेला नव्हतो.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. चहाच्या एका पेल्यावरून आपल्या मराठी समाजात केवढी रामायणे घडली आहेत, ती आठवत राहिली. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी तिला गेली होती. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावेच वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. चहात वाईट काहीच नव्हते. प्रश्न होता तो, चहा कोणाच्या घरचा आणि कोणी दिलेला, एवढाच.

याच्या उलट चित्र कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरचे नोकर. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला स्पर्श केला, म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य केले आणि गंगारामांनी चहाचे दुकान काढले. पण अस्पृश्याच्या दुकानी चहा पिणार कोण? तेव्हा स्वतः छत्रपती आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवून चहा मागवू लागले. आपण घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. मराठी मुलखातील सर्वांत उंची चहा कोठे मिळाला असेल, तर तो कोल्हापूरच्या त्या रस्त्यावर, असे मला वाटते. ‘हाय टी’ हे नाव द्यावयाचे तर त्याला द्यावे.

जे काम महाराजांनी एका पेल्याने केले, तेच पुढे आपल्या राज्यघटनेने कलमाने केले. दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे पंधराव्या कलमात लिहिले आहे. मी सरकारी नोकर असल्याने या कलमाविषयी मला विशेष आदर आहे. पण कायदा दार उघडू शकतो. आत बसलेल्या माणसाने वाढणाऱ्याला काय विचारावे, हे तो सांगू शकत नाही. आणि स्वयंपाकघराच्या दारातून तर तो आत पाऊलही टाकत नाही. तेथे कोणी किती वेळा उठावे, याचे कलम कोणत्याच घटनेत नाही.

भिलाईच्या जुन्या लोकांना आणखी एका चहाची आठवण आहे. माझ्या लहानपणीही रशियन तज्ज्ञ आमच्या गावात दिसत. त्यांच्या देशात चहासाठी सामोवार नावाचे भांडे असते. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘स्वतः उकळणारे’ असा आहे. ते टेबलाजवळच ठेवतात, आणि त्यातले पाणी तासन्‌तास कढत राहते. वर एका लहान किटलीत चहाचा कडक अर्क असतो. ज्याला हवा त्याने पेल्यात थोडा अर्क घ्यावा आणि तोटीतून गरम पाणी सोडावे. मला या भांड्याचे कौतुक वाटते, ते त्याच्या नक्षीसाठी नव्हे. त्याच्यामुळे घरच्या बाईला वारंवार उठून चुलीकडे जावे लागत नाही. तीही चारचौघांत बसून बोलू शकते. डचेसला नोकरचाकर होते. ज्यांना ते नव्हते, त्यांनी निदान एक भांडे तरी शोधून काढले.

आमच्या घरी सामोवार नाही. पण पावर हाउसला परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, दुपारचे चार वाजता, मी स्वयंपाकघरात शिरलो. आले कोठे असते, हे मला चाळिशी उलटल्यावर प्रथमच कळले. चहा ठेवला, तो ऊतू गेला. ओटा पुसला, पुन्हा ठेवला. बाहेरच्या खोलीतून आई दोनदा उठली. मी दोनदा म्हटले, “तू बस.” तिसऱ्यांदा तिने उठण्याचा आवाज केला, पण उठली नाही. तबकात चार पेले, जोडीला चिवडा आणि बिस्किटे, एवढाच आमचा तिमजली थाट. तिने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “आलं जास्त झालं. साखर कमी आहे.” सुनेने माझ्याकडे पाहून हसू आवरले.

तेव्हापासून रविवारचा चार वाजताचा चहा माझ्याकडे आहे. आता तो ऊतू जात नाही. आई खिडकीशी बसते. खालून बाजारातली वर्दळ ऐकू येते. स्थानकावरून एखादी मालगाडी जाते, तेव्हा पेल्यातल्या चहावर बारीकसे तरंग उठतात. ती सावकाश पिते. मधूनच मुलांना हाक येते, कोणी दार वाजविते. उठतो तो मी. परत येतो तेव्हा माझ्या चहावर साय धरलेली असते.

आणि मी पेला उचलणार, इतक्यात ती विचारते, “तुझा झाला का रे चहा?”

आमच्या कचेरीतील पुढच्या बैठकीची पत्रिका परवाच तयार झाली. शेवटच्या ओळीत मी ‘४ वाजता – चहा’ एवढेच लिहिले आहे. आणि त्याखाली, चालकांसह सर्वांसाठी, अशी एक ओळ अधिक घातली आहे.